तमाशाचा फड आणि सभ्यतेची वेस



नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, लोहा मागें टाकल्यानंतर आणि अहमदपूर येण्यापूर्वीं, माळेगांव लागतें. एरवीं प्रवाशाच्या ध्यानांतहि राहूं नये असें हें लहानसें गांव मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या यात्रेनें एकाएकीं शहराएवढें होऊन बसतें. एका अंगाला घोडे, उंट, गाढवें आणि बैल यांचा बाजार. दुसऱ्या अंगाला येळकोटाचा गजर आणि भंडाऱ्याची उधळण. आणि या दोहोंच्या पलीकडे तमाशाच्या फडांच्या कनाती. देवदर्शन, जनावराचा सौदा आणि रात्रीचा तमाशा हीं तीनहि कामें एकाच फेरींत उरकणाऱ्या शेतकऱ्याला त्यांत कांहीं विसंगति आहे असें वाटत नाहीं. ती वाटते तुम्हां-आम्हां सुशिक्षित नागरिकांना. यात्रेची हकीकत घरीं सांगतांना आपण घोड्यांच्या किंमती सर्वांसमक्ष सांगतों. तमाशाचा विषय मात्र घरांतील स्त्रिया पानें वाढून आंत गेल्या म्हणजे, आवाज उतरवून काढतों.

हा आवाज कां उतरतो, याचा विचार आज करावयाचा आहे. तमाशांत अश्लीलता आहे म्हणून, असें उत्तर चटकन् दिलें जाईल. परंतु अश्लीलता म्हणजे नेमकें काय, आणि ती कोठें असते, असें विचारलें कीं उत्तर देणारा अडखळतो. मला स्वतःला असें वाटतें कीं, आपल्या समाजानें लाजेची वेस अंगावरचीं वस्त्रें पाहून आखलेली नाहीं आणि तोंडचे शब्द ऐकूनहि आखलेली नाहीं. उभें कोण राहतें आणि बसून कोण पाहतें, हें पाहून ती आखली गेली आहे.

आधीं वस्त्रांचें पाहूं. लावणी म्हणणारी स्त्री नऊवारी लुगडें नेसते. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, केसांचा खोपा बांधलेला, पायांत चाळ. उघडा असतो तो चेहरा आणि कोपरापासून खालचे हात. आपल्या आजीच्या अंगावर जेवढें वस्त्र होतें त्याहून एक वीतभरहि कमी वस्त्र तिच्या अंगावर नसतें. आतां याच मुलुखांतील दुसरीं दोन स्थळें डोळ्यांपुढें आणा. नांदेड जिल्ह्यांत देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें चालुक्यकालीन मंदिरें आहेत, आणि लातूर जिल्ह्यांत निलंग्याला नीळकंठेश्वराचें मंदिर आहे. दोन्ही ठिकाणीं बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. त्यांच्या अंगावर दागिने पुष्कळ आणि वस्त्र बेताचेंच. त्यांच्यावरून आपण मुलांचा हात धरून प्रदक्षिणा घालतों आणि शिल्पकाराच्या हाताची वाखाणणी करतों. दगडाच्या उघडेपणाला आपण कला म्हणतों आणि मांसाच्या झांकलेपणाला निर्लज्जपणा.

दगडाची गोष्ट निराळी, असें कोणी म्हणेल. तर मग चित्रपटाची घ्या. १९३८ सालीं मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट निघाला. कथा आचार्य अत्र्यांची. त्यांत मीनाक्षी शिरोडकर या नटीनें पोहण्याचा तोकडा पोशाख घालून एक गाणें म्हटलें. त्यावर गदारोळ झाला आणि चित्रपटगृहें भरून वाहिलीं. पण त्या बाईंचें समाजांतील स्थान त्यामुळें ढासळलें नाहीं. त्यांचें नांव आजहि आदरानें आणि थोड्याशा कौतुकानें घेतलें जातें. त्याच काळांत फडावर नऊवारी लुगड्यांत नखशिखांत झांकून उभ्या राहणाऱ्या स्त्रीला मात्र प्रतिष्ठित घराच्या ओटीवर चढतां येत नव्हतें. तेव्हां कापडाचा गज हें कांहीं माप नव्हे.

आतां शब्दांचें पाहूं. लावणींतला शृंगार उघडा असतो, द्व्यर्थी असतो, हें खरें आहे. पण तो मराठी मनाला नवा किंवा परका आहे काय? गोदावरीच्या ज्या प्रवाहावर नांदेड वसलें आहे त्याच प्रवाहावर, वरच्या अंगाला, सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी होती. तेंच आजचें पैठण. हाल राजाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती ही तिथल्या महाराष्ट्री प्राकृताची ठेव. सातशें गाथांतील कितीतरी गाथा खेड्यांतल्या बायकांच्या तोंडच्या आहेत, आणि त्यांत प्रवासाला गेलेला नवरा, शेजारचा तरुण, शेतांतली भेट, सासूची नजर असे सारे विषय कसलाहि आडपडदा न ठेवतां आले आहेत. त्याच पैठणांत सोळाव्या शतकांत एकनाथ महाराज झाले. त्यांनीं गवळणी रचल्या. वाट अडविणारा कृष्ण, लटकेंच रागावणारी गोपी, पदर, घागर हें सारें साहित्य गवळणींत आहे आणि तमाशांतहि आहे. तमाशांत गणामागून जी गवळण येते ती याच घराण्यांतली. भजनांत ती ऐकतांना आपण टाळ वाजवितों आणि फडावर ऐकतांना इकडेतिकडे पाहतों, कोणी ओळखीचें तर नाहीं ना म्हणून. सोलापूरच्या रामजोशांनीं तर एकाच जन्मांत दोन्ही करून दाखविलें. ज्या मुखानें त्यांनीं शृंगाराच्या लावण्या म्हटल्या त्याच मुखानें पुढें मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तनें केलीं.

आणि घरांतल्या बायकांचें काय? आपल्याकडील जुन्या लग्नांत विहिणी-विहिणींमध्यें जीं गाणीं चालत, त्यांतलीं कांहीं आज नभोवाणीवर म्हणून दाखविण्याचें धैर्य मला होणार नाहीं. तीं म्हणणाऱ्या बायका कुलवंत होत्या, कपाळभर कुंकू लावणाऱ्या होत्या, आणि पुरुष ओसरीवर सुपारी कातरीत बसलेले असत. तें गाणें बायकांनीं बायकांत म्हणावयाचें होतें, म्हणून त्याला कोणी हरकत घेतली नाहीं. शिमग्याला पुरुषांनीं पुरुषांत जें बोलावयाचें तेंहि असेंच परवानगीचें. शब्द वाईट होते म्हणून घरें बुडालीं असें कधीं झालेलें नाहीं.

मग मोडलें कुठें? पैसे देऊन बसलेल्या पुरुषांसमोर स्त्री उभी राहिली, तेथें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तमाशांत स्त्रीचें काम पोरगेला पुरुष करी. त्याला नाच्या म्हणत. लुगडें तेंच, अदा त्याच, शब्दहि तेच. मग हिवरगांवकर पवळाबाई पट्ठे बापूरावांच्या फडांत उभी राहिली आणि खेळाचा सारा रंग पालटला. पट्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, हे ब्राह्मण; फड काढला म्हणून त्यांना घर सुटलें, आणि १९४५ सालीं हालअपेष्टांत त्यांचा अंत झाला. पण त्यांच्या लावण्यांचे संग्रह निघाले आणि मराठी शाहिरीच्या इतिहासांत त्यांना मानाचें पान मिळालें. पवळेला त्या पानाच्या तळाशीं एखादी ओळ मिळते.

शिष्ट रंगभूमीवरहि हीच गोष्ट जरा सोज्ज्वळ रूपांत दिसते. बालगंधर्व हे पुरुष. त्यांनीं लुगडें कसें नेसलें, अंबाड्यावर गजरा कसा माळला, शालू कोणत्या रंगाचा घेतला, याचें अनुकरण पुण्यामुंबईच्या कुलीन स्त्रियांनीं केलें. स्त्रीच्या सौंदर्याचा धडा एका पुरुषानें द्यावा आणि तो कुटुंबासह बसून घ्यावा, यांत कोणाला संकोच वाटला नाहीं. खरी स्त्री तेथें उभी राहिली असती तर मात्र वाटला असता. दादासाहेब फाळक्यांना १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढतांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटीं अण्णा साळुंके नांवाच्या तरुणाला लुगडें नेसवावें लागलें. पतिव्रतेचें काम करावयालाहि स्त्रीनें लोकांपुढें येणें पतिव्रतेला न शोभणारें होतें!

तेव्हां ज्या स्त्रिया पुढें आल्या त्या कोण होत्या, हें पाहणें ओघानेंच आलें. फडावर आणि संगीतबारींत उभ्या राहिलेल्या स्त्रिया मुख्यतः कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतल्या. त्यांचीं नांवें लक्षांत घ्या: नारायणगांवकर, वाईकर, पंढरपूरकर, सातारकर. घरंदाज स्त्रीच्या नांवामागें बापाचें किंवा नवऱ्याचें नांव असतें; हिच्या नांवामागें गांव असतें. कोल्हाटी समाजांत वयांत आलेल्या नाचणाऱ्या मुलीचा ‘चिरा’ उतरविण्याचा विधि होता. जो धनिक त्याचा खर्च करी त्याचा तिच्यावर अधिकार चाले. त्यानें राखली तोंवर चाळ सोडून ठेवावयाचे, आणि त्यानें टाकली कीं पुन्हां बांधावयाचे. तिच्या मुलांना बापाचें नांव नसे. डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांनीं १९९४ सालीं ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनांत हें सारें आंतून सांगितलें आहे. आईचें नांव मधें लावून त्यांनीं पुस्तकाच्या वेष्टनावरच निम्मी कथा सांगून टाकली. तें पुस्तक आपल्या कपाटांत असेल तर पुन्हां काढून वाचावें. नसेल तर मिळवावें.

बैठकींत दौलतजादाची एक रीत आहे. प्रेक्षक नोट वर धरतो, नाचणारी जवळ येऊन ती घेते, आणि देणाऱ्याचें नांव सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत पुकारलें जातें. अमुक गांवच्या अमुक पाटलांची दौलतजादा! टाळ्या पडतात. पाटील मान डोलावतात. म्हणजे एकाच व्यवहारांत देणाऱ्याला कीर्ति आणि घेणारीला कलंक! पाटलांना कोणी निर्लज्ज म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

सरकारांनींहि हाच कित्ता गिरविला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, १९४८ च्या सुमारास, मुंबई प्रांतांत तमाशावर अश्लीलतेच्या कारणानें बंदी आली. फडवाल्यांनीं दाद मागितली, आणि वगाचें व गाण्यांचें लिखाण तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. आपला मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या अमलाखालीं होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ सालीं मुंबई राज्याला जोडला गेला, आणि मग त्या राज्याचे नियम आपणांसहि लागू झाले. तपासनिसांच्या हेतूबद्दल मला शंका नाहीं. पण त्यांची अडचण मोठी मौजेची होती. त्यांच्यापुढें येई कागद. आणि लावणीचा अर्थ कागदावर नसतोच. ‘पाणी तापलें’ हे दोन शब्द कोणत्याहि स्वयंपाकघरांत दिवसांतून चार वेळां बोलले जातात. तेच दोन शब्द भुवई वर चढवून, पदराचें टोंक दोन बोटांत धरून, ढोलकीच्या तोड्यावर थबकून म्हटले तर तपासनिसानें कशावर लाल रेघ मारावी? बैठकीची लावणी तर बसूनच म्हणतात. यमुनाबाई वाईकर, ज्या शंभरी ओलांडून २०१८ सालीं गेल्या, बसल्या जागेवरून एकच ओळ निरनिराळ्या तऱ्हांनीं म्हणत आणि दर वेळीं निराळा भाव उभा करीत. भुवईची संहिता कोणत्या मंडळानें तपासावी!

नभोवाणीवरून बोलत असल्यामुळें तिच्याविषयींहि दोन शब्द बोललेच पाहिजेत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सरदार पटेल यांच्याकडे हें खातें असतांना, ज्यांचें खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झालें आहे अशा गायिकांना ध्वनिक्षेपणाचीं दारें बंद करण्यांत आलीं. वास्तविक नभोवाणीवर कोणी दिसत नाहीं! ना लुगडें, ना भुवई, ना चाळ, केवळ गळा. तरीहि गळ्यामागच्या बाईची चौकशी झाली. एखादीचा षड्ज शुद्ध आहे कीं नाहीं याहून तिचें घर शुद्ध आहे कीं नाहीं हा प्रश्न मोठा ठरला. ज्या हैदराबादच्या राज्यांत आपला मुलूख होता, तेथें अठराव्या शतकाच्या अखेरीस माहलका चंदाबाई ही गणिका दरबारांत मानाची होती, जहागीर सांभाळीत होती आणि तिचा उर्दू दिवाण सिद्ध झाला होता. तो जमाना फार न्यायाचा होता असें माझें म्हणणें नाहीं. पण तिचा गळा ऐकतांना तिचें घर विचारण्याची पंचाईत निदान त्या दरबारानें केली नव्हती.

या सर्व कहाणींतला सर्वांत बोलका भाग पुढेंच आहे. जी लावणी दारांतून आंत येऊं शकली नाहीं ती खिडकींतून आली. १९५९ सालीं अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ निघाला आणि पुण्याच्या विजयानंदमध्यें दोन वर्षांहून अधिक काळ चालला. तमाशाचे चित्रपट हा एक प्रघातच पडला. गिरगांवांत वाढलेल्या सुलोचना चव्हाण चित्रपटांतील लावण्या गाऊं लागल्या. त्या समारंभांत गात तेव्हां दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, हातवारे नाहींत, नजर स्थिर. शृंगार सगळा गळ्यांत! आचार्य अत्र्यांनीं त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलें, आणि २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गुणांबद्दल दुमत नाहीं. असा ठसका पुन्हां ऐकूं येणें कठीण. पण त्यांच्या गळ्यांतून लावणी आपल्या दिवाणखान्यांत आली, गणेशोत्सवांत आली, शाळेच्या स्नेहसंमेलनांत आली. आज वकील-डॉक्टरांच्या मुली नऊवारी नेसून लावणीचीं बक्षिसें घेतात आणि आईबाप छायाचित्रें काढतात. शब्द तेच, अदा तीच, लुगडें तेंच. बदलली ती फक्त उभी राहणारी.

आणि जिनें ती जिवंत ठेवली तिचें काय झालें? विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांना १९५७ सालीं आणि पुन्हां १९९० सालीं राष्ट्रपतिपदक मिळालें. दिवस भरलेले असतांना त्या फडावर उभ्या राहिल्या, कनातीमागें जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हां रंगमंचावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ सालीं त्या वारल्या तेव्हां हाताशीं पैसा नव्हता. आतां राज्य सरकार त्यांच्या नांवानें दर वर्षीं पुरस्कार देतें.

येथें एक गंभीर आक्षेप पुढें ठेवला पाहिजे, कारण तो सोंवळेपणांतून आलेला नाहीं. १९३६ सालीं मुंबईंत वाघ्ये, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि हें अपमानाचें जिणें सोडून द्या, असें त्यांनीं बजावलें. कलेच्या नांवाखालीं एका जातीच्या लेकी दुसऱ्या जातीच्या पुरुषांपुढें उभ्या राहाव्यात, हें त्यांना मान्य नव्हतें. माळेगांवच्या खंडोबापुढें ज्या मुरळ्या नाचत आल्या त्या लहानपणीं देवाला वाहिलेल्या पोरी होत्या; त्यांच्या नाचाचें कौतुक करतांना हें विसरतां येत नाहीं. सनातन्याचा आक्षेप स्त्रीच्या देहावर होता. बाबासाहेबांचा आक्षेप त्या स्त्रीला दुसरी वाट न ठेवणाऱ्या समाजावर होता. या दोन आक्षेपांची सरमिसळ करून आपण सोयीस्कर तेवढें उचललें. फड वाईट म्हणावयाला पहिला आक्षेप घेतला, आणि वाट मोकळी करून देण्याची वेळ आली तेव्हां दुसरा विसरलों.

आतां राहुटीची जागा खिशांतल्या यंत्रानें घेतली आहे. माळेगांवच्या यात्रेंत जिल्हा परिषद स्वतः लावणी महोत्सव भरविते आणि अधिकारी मंडळी पुढच्या रांगेंत बसतात. ही गोष्ट मी चांगली मानतों. पण दुसरीकडे पाहणाऱ्याचा धीटपणाहि वाढला आहे. २०२३ सालीं महाराष्ट्रांतील एका लोकप्रिय नर्तकीचें, ती कपडे बदलत असतांना, चोरून चित्रण करण्यांत आलें आणि तें घरोघर पसरलें. त्याआधीं तिच्या नाचांतील हावभावांवर महिनोन्‌महिने चर्चा चालली होती, संस्कृतीच्या रक्षणार्थ पत्रकें निघालीं होतीं. चोरून चित्रण करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, हें ठीकच झालें. पण ज्या हजारोंनीं तें चित्रण पाहिलें आणि पुढें धाडलें त्यांच्या संस्कृतीबद्दल पत्रक निघाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. ती नाचली तें तिनें ठरवून, मोबदला घेऊन, सर्वांदेखत केलेलें काम होतें. दाराच्या फटींतून पाहणाऱ्याच्या कामाला काय नांव द्यावयाचें तें श्रोत्यांनीं ठरवावें.

गेल्या कांहीं वर्षांत पुण्याकडे आणि इतर शहरांतहि ‘केवळ महिलांसाठीं’ म्हणून लावणीचे कार्यक्रम होऊं लागले आहेत. नाट्यगृह साड्यांनीं भरून जातें. साठी उलटलेल्या बायका तोंडांत बोटें घालून शिट्टी वाजवितात, रुमाल उडवितात, ‘पुन्हां एकदां’ म्हणून ओरडतात, आणि कांहीं तर खुर्च्या सोडून नाचूं लागतात. शब्दांत एक अक्षराची काटछांट नसते. उलट जरा अधिकच मोकळेपणा असतो. विहिणींचीं गाणीं लोपलीं असें आपण म्हणतों. मला तर तीं येथें तिकीट लावून परत आलेलीं दिसतात. सभागृहांत पुरुष म्हणावे तर ढोलकीवाला, पेटीवाला आणि एखादा दारवान, एवढेच. बाकीचे गृहस्थ बाहेर मोटारींत आपापल्या मंडळींची वाट पाहत बसलेले असतात, आणि आंत काय चाललें आहे तें त्यांना ढोलकीवरून कळत असतें.